शाळेत दिलेला जुना पंप

माझ्या मुलीच्या, मनवाच्या शाळेत आज मुलांची औषधं ठेवायची पेटी नाही. आधी होती. ती यावी म्हणून मी चार महिने भांडले होते आणि ती गेली तीही माझ्यामुळेच. दमा असलेल्या मुलांच्या आईबापांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. यात माझी अब्रू जाणार आहे, ते धरूनच लिहायला बसले आहे.

मी वृषाली. मुलुंडला राहते, पवईत एका कंपनीत रिसेप्शनला बसते. घरी नवरा संदेश, सासूबाई आणि मनवा. मनवा आता पाचवीत आहे. सोसायटीत मला भांडखोर म्हणतात आणि ते खोटं नाही. पाण्याची टाकी साफ झाली नाही, लिफ्ट बंद पडली, की सेक्रेटरीला पत्र मीच लिहिते. लोक मागून नावं ठेवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा माझ्याच दाराची बेल वाजवतात. मला त्याचा गर्व होता.

डॉक्टरीणबाईंनी शब्द उच्चारला तो दिवस

मनवा दुसरीत असेपर्यंत आम्ही तिला खोकल्याची औषधं पाजत होतो. लाल, हिरवी, गुलाबी, सगळ्या रंगांची. जवळचे डॉक्टर म्हणायचे, अ‍ॅलर्जी आहे, धूळ टाळा. मुलुंडमध्ये धूळ कुठे टाळणार? दर दोन इमारतींमागे एक पाडायला काढलेली आहे.

मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मुलांच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मनवाला एका नळीत फुंकायला लावलं, पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "दमा आहे. घाबरू नका, पण खोकला खोकला म्हणणं आता बंद करा."

मी लगेच वाद घातला. "आमच्याकडे कोणालाच नाही."

"नसू दे. हिला आहे."

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मला म्हणाल्या, "माझ्या भावाक होतो. धाप लागायची त्याका. त्यातच गेलो." लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्या मामांचं हे मी पहिल्यांदा ऐकत होते. संदेशलाही माहीत नव्हतं. आमच्यात क्षय, वेड आणि दमा या तिन्हींची नावं घेत नाहीत. माणूस 'आजारी होता' एवढंच म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी दोन पंप, म्हणजे इनहेलर, दिले होते. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. दुसरा निळा, धाप लागली तरच. बरोबर प्लास्टिकचा एक पारदर्शक नळकांड्यासारखा स्पेसर. सासूबाई निळ्या पंपाकडे अशा बघायच्या जशी मी पोरीला दारूची बाटली आणून दिली आहे. "चेडवाक एकदा सवय लागली काय सुटाची नाय." त्यांना समजावण्यात माझं एक वर्ष गेलं. तोवर मनवाच त्यांना शिकवू लागली होती की आजी, हा रोजचा, हा घाईचा.

शाळेशी भांडण

शाळेचा नियम साधा होता. मुलांच्या दप्तरात औषध चालणार नाही आणि शाळेतलं कोणीही मुलांना औषध देणार नाही. पूर्वी कधीतरी एका बाईंनी ताप आलेल्या मुलीला गोळी दिली होती आणि तिच्या वडिलांनी ऑफिसात येऊन तमाशा केला होता, तेव्हापासूनचा हा नियम.

मी मुख्याध्यापिकांना म्हटलं, "बाई, गोळी वेगळी आणि हे वेगळं. धाप लागल्यावर मला फोन करून मी पवईहून येईपर्यंत काय होईल माहितेय का तुम्हाला?"

त्या शांत बाई आहेत. म्हणाल्या, "मला कळतंय हो. पण उद्या काही झालं तर तुम्हीच आमच्या अंगावर याल."

"मी तसली बाई नाही," मी म्हटलं.

चार महिने अर्ज, सह्या, पालक सभा. डॉक्टरीणबाईंचं पत्र आणलं. दमा असलेली आणखी सात मुलं शोधून काढली. दोघांच्या घरच्यांनी तर आधी कानावर हातच ठेवले, म्हणे आमच्या मुलीला नुसती सर्दी होते. शेवटी शाळेने हो म्हटलं. शिक्षकांच्या खोलीत, कुलूप न लावता, झाकणाची एक प्लास्टिकची पेटी ठेवायची. आत आठ पाकिटं, प्रत्येकावर मुलाचं नाव, इयत्ता, आईचा फोन. मुलाला त्रास झाला तर पंप कोण देणार, यावर सगळ्या बाई एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा दाराशी चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या कुंदामावशी म्हणाल्या, "मी देईन की. दाखवा फक्त कसा द्यायचा."

कुंदामावशी शाळेतल्या शिपाई. वीस-बावीस वर्षं तिथेच. पडलेल्या मुलाला उचलणं, उलटी पुसणं, मधल्या सुट्टीत डबा विसरलेल्याला आपल्यातली पोळी देणं, सगळं त्याच करायच्या.

प्रात्यक्षिक मीच दिलं. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, मुलाच्या तोंडात धरायचा, दाबायचं, पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे. मावशींनी दोनदा करून बघितलं. "गेलं ते कसं समजायचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "फुस्स आवाज आला की समजा औषध गेलं. मग दहा मिनिटं बसवून ठेवा, बरं वाटतं."

हे वाक्य माझं आहे. तिथल्या सगळ्या बाईंनी ते ऐकलं होतं.

पाकिटात काय घातलं

दुसऱ्या दिवशी सकाळी मनवाचं पाकीट भरायला घेतलं. घरात दोन निळे पंप होते. एक नवा, खोक्यातला. दुसरा वर्षभर वापरातला. मी जुना पाकिटात घातला.

यावर मी फार विचार केला नव्हता, हेच तर सांगायचं आहे. आमच्याकडे शाळेत जुनंच जातं. नवी पाण्याची बाटली बाहेरगावी जाताना, शाळेत जुनी. नवा डबा कपाटात, शाळेत झाकण जरा सैल झालेला. कारण शाळेत वस्तू हरवतात. माझ्या आईने आम्हाला असंच वाढवलं आणि मी मनवाला तसंच वाढवत होते. शिवाय मनात होतं, घरी त्रास झाला तर नवा हाताशी असलेला बरा. शाळेत काय, तो नियमासाठी ठेवायचा. भांडण मी जिंकले होते, त्यामुळे माझ्या लेखी शाळेचा प्रश्न मिटला होता.

पाकिटात घालण्याआधी मी तो एकदा दाबून बघितला. फुस्स आवाज आला.

अकराचा फोन

शाळेच्या शेजारची इमारत पाडत होते. हिरवी जाळी लावली होती, पण धूळ काही जाळी बघून थांबत नाही. एके दिवशी तिसऱ्या तासाला मनवा बाईंना म्हणाली, छाती भरल्यासारखं होतंय. बाईंनी तिला लगेच खाली पाठवलं. कुंदामावशींनी पेटी उघडली, पाकीट काढलं, स्पेसर लावला, सांगितलं होतं तसं सगळं केलं. दोन वेळा दिला. मग आणखी दोन वेळा.

मला बाईंचा फोन आला तेव्हा अकरा वाजत आले होते. "मनवाला जरा धाप लागलीय. पंप दिलाय मावशींनी. बसवून ठेवलंय. तुम्ही येताय का?"

माझ्यासमोर कोणीतरी पाहुण्याचा पास करून घ्यायला उभं होतं. मी म्हटलं, "पंप दिलाय ना? मग होईल कमी. दहा मिनिटं बघा आणि मला कळवा."

आणि मी पास करायला घेतला.

दुसरा फोन वीस-पंचवीस मिनिटांनी आला. या वेळी बाई रडत होत्या. मनवाचे ओठ निळे पडलेत, तिला बोलता येत नाहीये, मावशी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलला घेऊन गेल्यात. मी पवईहून कशी निघाले ते मला आठवत नाही. रिक्षावाला सिग्नलला थांबला की मी त्याच्या सीटच्या पाठीवर हात आपटत होते एवढं आठवतं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, रेड है, क्या करूं?"

हॉस्पिटलच्या दारात कुंदामावशी उभ्या होत्या. त्यांची साडी पुढून ओली झाली होती, मनवाने त्यांच्या मांडीवर उलटी केली होती. माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, मी दिला हो. चार वेळा दिला. आवाज आला होता."

मी त्यांचा हात झटकला आणि आत गेले.

आयसीयूचे तीन दिवस

मुलांच्या आयसीयूत आईला सकाळी आणि संध्याकाळी आत सोडत. चपला बाहेर, अंगावर हिरवा झगा, हात धुवायचे, मग आत. मनवाच्या तोंडावर मास्क, बोटाला चिमटा, हाताला सुई. श्वास घेताना तिच्या फासळ्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची आणि गळ्याखाली खड्डा पडायचा. दहा वर्षांचं पोर नुसतं श्वास घेऊन दमलं होतं. मला बघून तिने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं." असं ते सगळ्यांना म्हणत असतील असं मी स्वतःला समजावलं. मग कळलं की नाही, सगळ्यांना म्हणत नाहीत.

बाहेरच्या बाकावर आमचे दिवस जायचे. सासूबाई घरून डबा पाठवायच्या, तो तसाच परत जायचा. संदेश भिंतीला टेकून उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "बाईंनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा तू निघाली असतीस तर?"

मी हातातल्या बिलाची घडी घातली.

"नाही, मी आपलं विचारतोय."

"तू विचारत नाहीयेस संदेश, तू सांगतोयस."

त्यानंतर आम्ही एकमेकांशी फक्त बिलाचं आणि औषधांचं बोललो.

एक गोष्ट मात्र त्या तीन दिवसांतली मी जपून ठेवली आहे. तिसऱ्या दिवशी आत गेले तर मनवाचे केस विंचरलेले होते आणि दोन घट्ट वेण्या घातलेल्या. तिथल्या सिस्टरने सकाळी ड्युटी संपल्यावर थांबून घातल्या होत्या. "केस मास्कमध्ये येत होते," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून घरी गेली. मी तिचं नावही विचारलं नाही. तिथे मी पहिल्यांदा रडले.

मी लिहिलेलं पत्र

संदेशचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. दोष कुठेतरी टाकल्याशिवाय मला त्या बाकावर बसवत नव्हतं. म्हणून मी फोन काढला आणि पत्र लिहिलं. मला पत्रं लिहिता येतातच.

लिहिलं की चार वेळा पंप दिला असं शाळा सांगते, मग मुलगी आयसीयूत कशी? स्पष्ट आहे की पंप नीट दिला गेला नाही. ज्यांना साधा पंप दाबता येत नाही त्यांच्या हातात मुलांचे जीव दिले आहेत. शिपायाचं नाव घालून लिहिलं. मुख्याध्यापिकांना पाठवलं आणि पालकांच्या ग्रुपवरही टाकलं. तासाभरात शेकडो मेसेज. हात जोडलेले, रागाने लाल झालेले चेहरे, 'ताई तुम्ही आवाज उठवलात.' मला त्या बाकावर बसल्या बसल्या बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मनवा घरी आली त्याच आठवड्यात शाळेची सूचना निघाली. औषधपेटी बंद. आठही मुलांची पाकिटं पालकांना परत. मुलांच्या औषधाची जबाबदारी शाळेची नाही, पालकांनी स्वतः सोय करावी. कुंदामावशींकडून लेखी माफी घेतली आणि त्यांना खालच्या मजल्यावरून काढून चौथ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या साफसफाईला लावलं.

आमचं पाकीटही परत आलं. मी ते न उघडता तपासणीला जाताना पर्समध्ये टाकलं. डॉक्टरीणबाईंना दाखवून शाळेविरुद्ध काहीतरी लिहून घ्यावं असा माझा विचार होता.

रिकामा

डॉक्टरीणबाईंनी पंप पाकिटातून काढला, आतली धातूची डबी वेगळी केली आणि कानाजवळ नेऊन हलवली. मग ड्रॉवरमधला नवा पंप काढून माझ्या हातात दिला. "हा हलवा. आता हा."

नव्यात काहीतरी हलत होतं. जुन्यात काहीच नव्हतं.

"औषध कधीच संपलंय यातलं," त्या म्हणाल्या. "उरलाय तो गॅस. दाबलं की आवाज येतो, पण आत काही जात नाही. किती फवारे उरलेत तो आकडा दाखवणारी खिडकीही याच्यावर नाही. किती दिवस वापरत होतात?"

मी म्हटलं, "वर्षभर."

मनवा शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने पंपाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

तुम्हाला सांगते, आजच्या आज घरातले सगळे पंप काढून बघा. पण नुसत्या हलवण्यावर विश्वास ठेवू नका, नुसत्या आवाजावर तर अजिबात नको. पंपावर सुरू केल्याची तारीख लिहा, त्यात किती वेळा पुरेल एवढं औषध आहे ते खोक्यावर असतं, वापराल तशा रेघा ओढा. आकडा दाखवणारा पंप मिळतो, तो मागून घ्या. आणि शाळेत नवा द्या. घरी तुम्ही असता, शाळेत तुमचं पोर एकटं असतं.

रिक्षात मनवा म्हणाली, "आई, म्हणजे कुंदामावशींनी बरोबरच केलं होतं?"

"हो."

"मग तू त्यांना सांगणार ना?"

मी हो म्हटलं. आणि दोन महिने सांगितलं नाही.

दोन महिने

संदेशला सांगितलं. तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "आता कशाला उकरून काढतेस? पोरगी बरी आहे ना? शाळेत तिलाच त्रास होईल." मला असंच कोणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मी लगेच मान हलवली. पुढे आमच्यात जे काही बिघडलं ते या संमतीने बिघडलं असं मला वाटतं. आम्ही दोघं एकाच गोष्टीवर मूग गिळून बसलो होतो आणि त्यासाठी एकमेकांना माफ करत नव्हतो.

मनवाने पुढे आठवडाभर रोज विचारलं. मग थांबली. एकदा तिच्या वेण्या घालताना मीच म्हटलं, "भेटतात का गं कुंदामावशी?"

"नाही. मी मागच्या जिन्याने जाते."

"का?"

"त्या मला विचारतात, बाळा बरी आहेस ना. मग मला काय बोलायचं ते कळत नाही."

तिला पुन्हा धाप लागू लागली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध चालू ठेवा, धूळ टाळा, आणि तिला कसली काळजी आहे का ते बघा. मी म्हटलं, बघते.

गेटची पायरी

एका शनिवारी मनवाला घ्यायला लवकर गेले तर शाळेच्या गेटबाहेर, बंद दुकानाच्या पायरीवर एक बाई बसली होती. मांडीवर पर्स, हातात विणकाम. तृप्ती तिचं नाव. तिची मुलगी तिसरीत, पेटीतल्या आठांपैकी एक.

"इतक्या लवकर?" मी विचारलं.

"मी सकाळपासून इथेच असते ना. शाळा सुटेपर्यंत." तिने पर्स उघडून पंप दाखवला. "शाळा ठेवत नाही, दप्तरात चालत नाही. मग काय करणार? नोकरी सोडली. वॉचमनला सांगून ठेवलंय, काही झालं तर मला आत सोड."

मला तिच्याकडे बघवेना. तर ती माझाच हात धरून म्हणाली, "पण बरं झालं हां तुम्ही आवाज उठवलात. नाहीतर आम्ही त्या पेटीवर विसंबून बसलो असतो. त्या बाईने माझ्या पोरीला मारलंच असतं."

मी तिथे त्या पायरीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिने हात काढून घेतला. विणकाम पिशवीत भरलं, पुन्हा बाहेर काढलं. मग म्हणाली, "मग मी इथे का बसलेय?"



सही

सोमवारी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "लेखी द्या." मी दिलं. पालकांच्या ग्रुपवरही तेच टाकलं, त्याच लांबीचं. या वेळी एकच मेसेज आला. 'शिकलेल्या बायका असं करतात.' मग कोणीतरी सहलीच्या पैशांचं विचारलं आणि ग्रुप पुढे गेला.

"पेटी परत ठेवा, बाई," मी म्हटलं. "आठही घरचे नवे पंप देतील. मी स्वतः तपासून देईन."

"व्यवस्थापनाने ठराव केलाय." त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. "तुमच्या पत्रानंतर वकिलाला विचारून बनवलाय. शाळेतल्या कोणीतरी सही करायची की पंप देण्याची जबाबदारी माझी, त्यातून काही झालं तर तीही माझी. सही झाली तर पेटी ठेवते. सगळ्या बाईंना विचारून झालंय माझं." सहीची जागा कोरी होती.

मी तो कागद घेऊन चौथ्या मजल्यावर गेले. माफी मागायला गेले होते हे खरं, पण कागद पर्समध्ये होता हेही खरं.

कुंदामावशी प्रयोगशाळेचे ओटे पुसत होत्या. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "मनवा बरी आहे ना?"

मी सांगितलं. पंप रिकामा होता. मी दिलेलाच रिकामा होता. तुम्ही सगळं बरोबर केलं होतं. हे सांगायला मला एक मिनिटही लागलं नाही.

त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. "मला वात आहे या बोटाला. मला वाटलं माझंच बोट नीट दाबलं गेलं नाही. घरी तेलाच्या बाटलीवर दाबून दाबून बघायची मी, की जोर येतो का." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"दोन महिने झाले."

"दोन महिने," त्या म्हणाल्या. स्टूल ओढून त्या बसल्या. मला बस म्हणाल्या नाहीत. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "नको. ते नको करू."

मी उभीच राहिले. त्यांची नजर माझ्या पर्सवर गेली, कागदाचं टोक बाहेर आलं होतं. "ते काय आहे?"

मी दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. घडी घालून मला परत दिला.

"सही नाही करणार मी," त्या म्हणाल्या. "माझी नोकरी चार वर्षं उरलीय. एकदा लिहून दिलंय मी की माझी चूक झाली. तुझ्यामुळे दिलंय. आता पुन्हा नाही."

"बरोबर आहे, मावशी."

"बरोबरच आहे."

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. "ती तृप्ती की कोण, ती रोज गेटवर बसते ना?"

"हो. आता आम्ही आठजणी जिला जमेल तशी पाळी लावणार आहोत. माझा मंगळवार आणि शुक्रवार. आठही पोरांचे पंप जी बसेल तिच्याजवळ."

"मग तिथेच बसा. वॉचमन आत सोडो न सोडो. पोराला काही झालं की वर्गातल्या बाई मला हाक मारतात, अजून मारतात. मी येईन खाली पंप न्यायला. तेवढ्याला कोणाची सही लागत नाही."

मी थँक्यू म्हटलं. त्यांनी फडकं उचललं आणि उरलेला ओटा पुसायला घेतला.

त्याला आता महिना होऊन गेला. कागद मुख्याध्यापिकांकडे परत दिला, तो कोराच आहे. माझ्या ऑफिसने मंगळवार-शुक्रवारची सवलत दिली, किती दिवस देतील माहीत नाही. मी पायरीवर बसते, आठ पंप मांडीवर घेऊन. पाडलेल्या इमारतीच्या जागी आता खड्डा खणतायत. सुदैवाने अजून कोणाला तशी वेळ आली नाही. चौथ्या मजल्यावरून गेटपर्यंत यायला आणि पंप घेऊन पुन्हा वर जायला कुंदामावशींना किती वेळ लागतो, हे आम्हाला अजून माहीत नाही.